सांभाराचा बुके

"पडला!" प्रशिक आनंदानं ओरडला.

"पडला नाही. टेकला," रितिका म्हणाली.

"मग उठव त्याला! ताई, सातव्यांदा झोपला तुझा बुके!"

टेबलावर गोडलिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, डहाळ्या आणि खराट्याच्या काड्या यांची एक जुडी कुशीवर पडली होती. खऱ्या फुलांची पाळी उद्या येणार होती, आज नुसता सराव होता. सरावापायी आजीचा खराटा निम्मा झाला होता, आणि ही गोष्ट अजून आजीला कळलेली नव्हती.

बारा वर्षांची रितिका आणि दहा वर्षांचा तिचा भाऊ प्रशिक उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ध्याहून नागपूरला आले होते. हुडकेश्वरला त्यांचं आजोळ होतं आणि तिथे नंदिनीमावशीचं लग्न होतं. मावशी विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीचं काम करायची. कुठला स्क्रू किती घट्ट पिळायचा, हे तिला आकड्यात पाठ होतं. स्वतःच्या लग्नाबद्दल मात्र तिनं एकच अट घातली होती. "मला आबाजींच्या बागेतल्या फुलांचा बुके हवा, हातानं बांधलेला. तो हातात धरून मी येणार आणि बुद्धमूर्तीसमोर टेबलावर ठेवणार. फुलदाणी नको, डबा नको. तो आपल्या पायावर उभा राहायला हवा!"

आबाजी म्हणजे मावशीचे वडील, नत्थूजी. एकतीस वर्षं ते सरकारी बगीच्यात माळी होते. मोठे पाहुणे आले की आबाजींनीच बुके बांधायचा, असा तिथला शिरस्ता होता. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी फेब्रुवारीपासून अंगणात झिनिया आणि निशिगंध वाढवला होता. पण दोन वर्षांपासून त्यांचे हात कापत. चहाचा कप बशीत वाजे. बुके बांधायला दुसरं कुणीतरी हवं होतं, आणि रितिकानं फारसा विचार न करता "मी!" म्हणून टाकलं होतं.

"पाहा वं पोरी," खुर्चीत बसलेले आबाजी आठव्यांदा सांगू लागले. "पहिली काडी सरळ. दुसरी तिच्यावर तिरपी. तिसरी दुसरीवर तिरपी, त्याच बाजूनं. दर काडीनंतर जुडी हातात जराशी फिरवायची. सगळ्या काड्या एकाच दिशेनं वळल्या, की खाली त्यायचे पाय फाकतात, तिपाईसारखे. मंग हात सोडला तरी जुडी उभी राहाते. एक जरी काडी उलटी गेली, तं सगळा खेळ खलास!"

"मी तसंच करतेय, आबाजी."

"कुठी करून राहिली? जुडी डाव्या हातात, काडी उजव्या हातात! बगीच्यात सगळ्याइले असंच शिकवलं मी."

रितिका डावखुरी होती. उजव्या हातातली काडी तिच्या मनाविरुद्ध भलतीकडेच वळायची. पण शिकवणारे आबाजी होते, म्हणून ती मुकाट्यानं उजव्या हातानं काड्या खोचत होती.

"सोळा मिनिटं!" जिन्याखालच्या खोलीतून आवाज आला.

हा शेजारचा गौरांग. वय तेरा, खिशात थर्मामीटर, हातात वही. जगातली कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. अंगणात त्रेचाळीस अंश आणि कूलरसमोर अठ्ठावीस, हे त्यानं सकाळीच लिहून ठेवलं होतं. आता तो तिथल्या फरशीकडे टक लावून बसला होता.

"काय सोळा मिनिटं?" प्रशिकनं विचारलं.

"ओली बकेट उचलली की खाली पाण्याचं गोल उमटतं ना? ते पूर्ण वाळायला सोळा मिनिटं लागली."

"आणि हे कळून काय फायदा बे?"

"काहीच नाही," गौरांग शांतपणे म्हणाला आणि त्यानं वही मिटली.

तेवढ्यात दार ढकलून भैय्याजी आत आले. भैय्याजी म्हणजे मुलांचे मामा. लग्नाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती, म्हणून त्यांच्या दोन्ही कानांना दोन मोबाईल होते. डाव्या कानात मंडपवाला आणि उजव्या कानात स्वयंपाकवाल्या कुसुमताई.

"हाव, पाचशे पत्रावळी! नाही, तुम्हाले नाही, खुर्च्या म्हटलं तुम्हाले! अरे, खुर्च्या पत्रावळीवर काहून ठेवता?" दोन्ही फोन एकदम बंद करून त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "हा काय पालापाचोळा होय?"

"बुके आहे, मामा. उद्याचा."

भैय्याजींनी खिडकीतून बागेकडे नजर टाकली. "अन् हे पांढरं काय फुललंय? हा तं सांभार होय! सांभार कोणी बुकेत लावते का गा?"

नागपुरात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. आबाजींचा सांभार उन्हाच्या झळांनी लवकर फुलावर आला होता. भाजीच्या कामाचा तो राहिला नव्हता. पण त्याची बारीक पांढरी फुलं जाळीच्या नक्षीसारखी दिसत, आणि आबाजींना ती बुकेत हवीच होती.

"मी आधीच ऑर्डर देऊन ठेवली," भैय्याजी म्हणाले. "निळे गुलाब! चमकीवाले! संध्याकाळी आणतो."

"निळा गुलाब झाडाले लागत नाही, भैय्या," आबाजी म्हणाले. "तो डब्ब्यातल्या रंगाले लागतो."

"आबाजी, पाचशे लोक पाहणार हायत! असं करू. उद्या साडेदहाले मी स्वतः हा बुके टेबलावर ठेवतो. उभा राहिला, तं तुमचा. पडला, तं माझे निळे गुलाब. कबूल?"

आबाजींनी कापणारा उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. रितिकानं ते पाहिलं.

"कबूल!" ती म्हणाली. 

ऊन उतरल्यावर चौघांनी फुलं कापली. केशरी आणि गुलाबी झिनिया, निशिगंधाचे दांडे, मोगऱ्याच्या कळ्यांच्या डहाळ्या आणि सांभाराची पांढरी जाळी. देठ तिरपे छाटले, खालची पानं काढली आणि सगळं निळ्या बादलीत पाण्यात उभं केलं. पाण्यात पाच चमचे साखर आणि पाच लिंबांचा रस घातला.

"फुलं शरबत पितात?" प्रशिकनं ओठांवरून जीभ फिरवत विचारलं.

"साखर हे त्यांचं जेवण," रितिका म्हणाली. "आणि आंबट पाणी देठात भराभर चढतं. आबाजींना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी करून पाहूनच शोधलं."

वरून ओली ओढणी पांघरून बादली जिन्याखालच्या थंड खोलीत ठेवली. सकाळी सात वाजता आबाजींच्या देखरेखीखाली बुके बांधायचा, असं ठरलं.

रविवारी सकाळी सव्वासहाला एका आरोळीनं घर जागं झालं.

"चोर! चोर! माझी बकेट नेली!"

अंगणातल्या न्हाणीच्या दाराशी सावनेरचे मनोहरराव उभे होते. हे आजीचे भाऊ. कमरेला टॉवेल, तोंडभर फेस, डोळे घट्ट मिटलेले, आणि हातातला लोटा हवेत काहीतरी शोधत होता.

"डोळ्याले साबण लावला," ते ओरडत होते, "लोटा बकेटीत घातला, तं बकेटच नाही! भरलेली बकेट! समोरून!"

"मामाजी, नळाखाली तोंड धरा ना," रितिका म्हणाली.

"नळाले पाणी कुठी हाय? सहाले जाते ते! म्हणून तं बकेट भरली होती!"

तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला. "मोरीतली लाल बकेट कोणी घेतली वं?" मागून आईचा आला. "धुण्याचीही नाही!" वरच्या मजल्यावरून तीन पाहुणे खांद्यावर टॉवेल टाकून रांगेनं खाली उतरले. त्यांच्याही बादल्या गेल्या होत्या. दहा मिनिटांपूर्वी घरात भरलेल्या अकरा बादल्या होत्या. आता एकही नव्हती! दागिन्यांच्या डब्याला हात नाही, नवे कपडे जागच्या जागी, आणि फक्त बादल्या गायब!

"असा कसा चोर?" प्रशिक म्हणाला. "त्याच्याकडं पण पाहुणे आले असतील."

रितिकाच्या डोक्यात एकदम वीज चमकली. ती जिन्याखालच्या खोलीकडे धावली.

निळी बादली नव्हती.

फरशीवर पाण्याचं एक गोल तेवढं उमटलेलं होतं. रितिका गुडघ्यांवर बसली. तीन महिने आबाजींनी वाढवलेली फुलं! आणि आबाजी अजून आत चहा घेत होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"रडू नको," गोंधळ ऐकून कुंपणावरून उडी मारून आलेला गौरांग म्हणाला.

"मी रडत नाहीये. गोल पाहतेय. पाहा ना! निम्मं वाळलंय, निम्मं ओलं आहे!"

गौरांगचे डोळे चमकले. "सोळा मिनिटं!"

"म्हणजे बादली उचलून सोळा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. चोर लांब गेला नसणार!"

"काल कोण म्हणत होतं, काही फायदा नाही?" गौरांगनं प्रशिककडे पाहिलं.

"तूच म्हणत होता बे!"

पण ऐकायला रितिका थांबलीच नव्हती. खोलीच्या दारापासून फाटकापर्यंत पाण्याच्या थेंबांची ओळ गेली होती. पायरीवर मोगऱ्याची एक कळी पडली होती. फाटकाबाहेर तर रस्ताच ओला होता, आणि त्या ओल्यात टायरांचे ठसे उमटले होते. चारचाकीचे, पण कारपेक्षा रुंद.

"टेम्पो!" तिघंही एकदम म्हणाले.

"मामाजी, सकाळी टेम्पो आला होता का?" रितिकानं मनोहररावांना विचारलं. प्रशिक त्यांच्या तोंडावर प्यायच्या पाण्याचा तांब्या ओतत होता.

"आला होता ना! आवाज ऐकला मी. भैय्याही बोलून राहिला होता, फोनवर. 'हाव, पाण्यासकट नेतो, सांडत नाही.' मले वाटलं, कोणाले तरी दवाखान्यात नेऊन राहिला."

रितिकाच्या कपाळावर आठी पडली. भैय्याजीमामा! साडेदहाची पैज जिंकायची, म्हणून फुलंच पळवली? पण मग बाकीच्या दहा बादल्या कशाला?

"पुरावा लपवायला!" गौरांग म्हणाला. "एकच नेली असती, तर लगेच कळलं असतं."

भैय्याजींचे दोन्ही फोन बिझी होते. पुढच्या मिनिटाला तीन सायकली हुडकेश्वर रोडवर सुटल्या. लग्नाचा हॉल तीन किलोमीटरवर होता आणि टेम्पो तिकडेच गेला असणार होता. सूर्य आत्ताच तापायला लागला होता. रस्त्यावर जिथे जिथे टेम्पोनं गतिरोधक ओलांडला होता, तिथे तिथे पाण्याचा एक-एक सडा पडला होता.

"मामा पाणी सांडत नाही म्हणे!" प्रशिक धापा टाकत म्हणाला.

हॉलच्या मागच्या अंगणात भट्ट्या पेटल्या होत्या. भिंतीला लागून ओळीनं दहा बादल्या मांडल्या होत्या. लाल, हिरवी, दांडी तुटलेली, आणि साबणाचा फेस तरंगणारी मनोहररावांची. निळी त्यात नव्हती. बाजूला खुर्चीवर भैय्याजी बसून एक मोठा स्टीलचा ग्लास रिकामा करत होते.

"आहा! कुसुमताई, काय सुगंधी शरबत हाय! आणखी एक द्या."

"तिसरा हाय हा!" पळी हातात धरलेल्या कुसुमताई म्हणाल्या. पाचशे माणसांचा स्वयंपाक हाकणारी बाई, आवाज थेट रस्त्यापर्यंत जायचा. "तुमच्याच घरून आलं. साखर कमी होती, मी घातली. बर्फ टाकला अन् चिमूटभर मीठ."

रितिकानं त्यांच्या पायाशी पाहिलं. निळी बादली! आत फुलं नव्हती, बर्फ तरंगत होता.

"फुलं कुठं आहेत?" ती किंचाळली.

"कोणती फुलं वं?"

उत्तराची गरजच पडली नाही. भट्टीपासून चार हातांवर ओट्यावर सगळी फुलं आडवी पडली होती. झिनियाच्या माना खाली लोंबत होत्या. आणि एक बाई सांभाराची जुडी विळीवर धरून पहिला काप घेणार, इतक्यात…

"थांबा!" तिघंही ओरडले. बाईंच्या हातून जुडी सुटली आणि प्रशिकनं ती हवेतल्या हवेत झेलली.

"कॅच!" तो म्हणाला.

"अरे, तो सांभार होय! वांग्याच्या भाजीत टाकायचा हाय!" कुसुमताई गरजल्या. "तसाही फुलावर आलेला, कडक पाठवला. मी पहाटेपासून सांभार, सांभार करून राहिली, अन् भैय्याजीनं आणला तं असा!"

"मी सांभार कुठी आणला?" भैय्याजी गोंधळले. "मी तं बकेटा आणल्या."

"पण का आणल्या, मामा?" रितिकानं कमरेवर हात ठेवून विचारलं. "सगळ्या घरात एकही बादली नाही. मनोहरमामाजी तोंडाला साबण लावून उभे आहेत!"

"अवं, नंदिनीचाच तं फोन आला! ब्यूटीपार्लरमधून. म्हणे, 'भैय्याजी, बकेट सगळ्यात आधी हॉलवर पोचव. पाण्यासकट ने. सांडू नको. उन्हात ठेवू नको.' मले वाटलं, हॉलवर पाणी नसन."

"कोणती बकेट, ते नाही विचारलं?"

"विचारणार होतो. पण दुसऱ्या कानात कुसुमताई सांभार, सांभार करून राहिल्या होत्या. म्हटलं, सगळ्याच नेऊ! हे निळीवाली तं झाकली होती, म्हटलं प्यायचं पाणी असन, म्हणून न पाहता कुसुमताईच्या हाती दिली."

रितिका त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू फुटायला लागलं. ती ते दाबून ठेवायचा प्रयत्न करत होती, पण जमेना.

"मामा," ती म्हणाली, "मावशी 'बकेट' नाही म्हणाली. 'बुके' म्हणाली! बुके हॉलवर पोचव, पाण्यासकट!"



"बुके…" भैय्याजी पुटपुटले. "बकेट… अरे बापा!" मग त्यांचं लक्ष हातातल्या ग्लासकडे गेलं. "मंग हे शरबत?"

"फुलांचं जेवण," प्रशिकनं गंभीरपणे सांगितलं. "रात्रभर फुलं उभी होती त्यात. तुम्ही तीन ग्लास प्यायले. आता तुम्हाला कळ्या येतील."

भैय्याजींच्या तोंडातला शेवटचा घोट कारंज्यासारखा बाहेर आला आणि नेमका मनोहररावांच्या बादलीत पडला.

पण हसत बसायला वेळ नव्हता. रितिकानं झिनियाचं एक फूल उचललं. पाकळ्या ताज्या होत्या, मान मात्र लुळी.

"मेली?" गौरांगनं हळूच विचारलं.

"नाही. देठात बारीक नळ्या असतात, त्यांत हवा शिरली. पाण्याची साखळी तुटली. हवा अडकलेला तेवढा तुकडा कापून टाकायचा, आणि तोही पाण्याखाली, म्हणजे पुन्हा हवा शिरत नाही. मग थंड जागी ठेवायचं."

"थंड जागा? नागपुरात? मे महिन्यात?"

"नवरीच्या खोलीत कूलर असतो!"

दहा बादल्या आता उपयोगी पडल्या. प्रशिकनं एक धरली, गौरांगनं कात्री मिळवली, रितिकानं एकेक देठ पाण्यात बुडवून आतल्या आत तिरपा छाटला. भैय्याजी कुणी न सांगता बादल्या वाहू लागले. नवरीच्या खोलीत कूलर पूर्ण वेगावर सोडला. आठ वाजता थर्मामीटर सव्वीस दाखवत होता आणि माना खाली होत्या. पावणेनऊला एका केशरी झिनियानं मान उचलली.

"एक उठला!" प्रशिक ओरडला. "ताई, दुसरापण! तो गुलाबी पण!"

नऊ वाजता एकदोन सोडून सगळी फुलं ताठ उभी होती. आता बांधायचं, आणि तेही आबाजींशिवाय, कारण ते अजून घरीच होते. रितिकानं जुडी डाव्या हातात धरली, फूल उजव्या हातात घेतलं. सरळ, तिरपं, तिरपं… सहाव्या देठाशी सगळं अडकलं. सोडलं, पुन्हा बांधलं. पुन्हा सहाव्याला अडकलं. निशिगंधाचा एक दांडा मोडला.

"साडेनऊ," गौरांग म्हणाला.

"मला दिसतंय घड्याळ!"

तिनं वैतागून वर पाहिलं. समोर भिंतभर आरसा होता, नवरीसाठी लावलेला. आरशातली रितिका रडवेली दिसत होती. आणि आरशातल्या रितिकानं जुडी उजव्या हातात धरली होती!

रितिका थबकली. तिनं हात बदलले. जुडी उजवीकडे, फूल डावीकडे. आता आरशातल्या मुलीच्या डाव्या हातात जुडी होती आणि उजव्या हातात फूल. अगदी आबाजी सांगायचे तसं.

"उलटं करतेयस तू," गौरांग म्हणाला.

"मी उलटी आहेच. आरशात सरळ आहे ना? दिशा कुठलीही असो. सगळ्या देठांची एकच हवी, बस!"

आता हात आपोआप चालू लागले. तिरपं, फिरव. तिरपं, फिरव. झिनिया, निशिगंध, मोगऱ्याची डहाळी, मधूनमधून सांभाराची पांढरी जाळी. सहावा देठ गेला, सोळावा गेला, चाळिसावा गेला. देठ जिथे एकमेकांना ओलांडत होते, त्या वेटोळ्यावरून तिची बोटं सुटत नव्हती. मंडपवाल्याकडच्या केळीच्या खांबाचं ओलं सोपट, म्हणजे सालीचा पदर, फाडून प्रशिकनं दोरा आणला, आणि गौरांगनं गाठ मारली. देठ खालून एका रेषेत छाटले.

साडेदहाला हॉलमध्ये पाहुणे जमले होते. समोर पांढऱ्या कापडाच्या टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती. घरच्या गाडीतून आबाजी उतरले. बादल्यांची सगळी कथा त्यांना वाटेत कळली होती. त्यांचा चेहरा उतरला होता. मुलं काय करून बसली असतील, याचा त्यांना अंदाज नव्हता.

त्याच गाडीतून भैय्याजींनी निळे गुलाब काढून आणले. रात्रीपासून गुलाब बंद गाडीतच होते. प्लास्टिकच्या आत वाफ दाटली होती, गुलाब उकडलेल्या कोबीसारखे बसले होते आणि निळा रंग भैय्याजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला होता.

"मामा," प्रशिक म्हणाला, "हा बुके तुम्हाला लागला. झाडाला नाही."

भैय्याजींनी गुलाब गुपचूप खुर्चीखाली सरकवले. "पैज ते पैज," ते म्हणाले. रितिकाकडून बुके घेऊन त्यांनी तो टेबलावर टेकवला. पांढऱ्या साडीतली नंदिनीमावशी दारात येऊन उभी राहिली होती.

भैय्याजींनी हात सोडला.

बुके हलला. कूलरचा झोत आला, झिनिया डोलल्या, सांभाराची जाळी थरथरली. रितिकाच्या शेजारी आबाजींचे हातही थरथरत होते. मग बुके थांबला. खाली देठ चहूबाजूंनी फाकले होते, आणि तो आपल्या पायांवर उभा होता.

आबाजी पुढे झाले. वाकून त्यांनी देठांकडे पाहिलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"उलटा हाय," ते म्हणाले.

रितिकानं मान खाली घातली.

"पण उभा हाय!" आबाजी ताठ झाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते. "एकतीस वर्षं मी एकाच बाजूनं बांधून राहिलो. बगीच्यात किती पोट्टे माझ्यापाशी शिकून गेले. त्यातल्या डावऱ्याइच्या जुड्या पडायच्या, अन् मी त्यायलेच रागवायचो. चूक माझी होती वं. आज तू मले शिकवलं."

नंदिनीमावशीनं येऊन बुके दोन्ही हातांत घेतला. देठांचं वेटोळं तिनं बोटानं तपासलं, स्क्रू तपासावा तसं. "एकदम पक्कं," ती म्हणाली. "माझ्या कामावर घेईन मी तुम्हा तिघांना."

"खरे शोधक तं हेच पोट्टे," भैय्याजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पाण्याच्या एका गोलावरून मले पकडलं! पण नंदिनी, यापुढं फोनवर पुष्पगुच्छ म्हणत जा. शुद्ध मराठीत."

"अन् तुम्ही एका वेळी एकच कान वापरत जा!" मागून कुसुमताईंचा आवाज आला.

मावशी बुके घेऊन मूर्तीकडे चालू लागली. सगळे उठून उभे राहिले. हॉल शांत झाला. तेवढ्यात मागच्या दारातून मनोहरराव आत डोकावले. अंगात नवा कोट, कानामागे अजून साबण.

"भैय्या," ते हलक्या आवाजात म्हणाले, "माझी बकेट सापडली गा. पण तिच्यातल्या पाण्याले मोगऱ्याचा वास काहून येऊन राहिला?"

प्रशिकनं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. रितिकानंही. आणि गौरांगनं वही उघडून त्यात काळजीपूर्वक लिहिलं: 'हसू दाबून ठेवण्याचा सर्वांत जास्त वेळ, चार सेकंद.'